सपाटीवर पाडलेली भोकं

टोपणदादांबद्दल मागच्या गल्लीत एक गोष्ट कुजबुजली जायची. मोठ्यानं कोणी बोलत नसे, पण ते शटर ओढून घरी निघाले की दोन डोकी हमखास जवळ यायची. म्हणे, जावई गेला तो म्हाताऱ्याच्या झाकणापायी. आणि तो गेल्यावर, एका रविवारी दुपारी गल्ली बंद असताना, म्हाताऱ्यानं त्याच झाकणावर चोरून हात मारला. केलेली चूक झाकायला.

हे डोळ्यांनी पाहिलं होतं समोरच्या रेडिएटरवाल्यानं. आपल्या दुकानाच्या वरच राहायचा तो. या गृहस्थानं रेडिएटरऐवजी रेडिओचा धंदा केला असता तर जास्त शोभला असता. त्याला कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत टायरवाल्यांपासून काचवाल्यांपर्यंत सगळीकडे पोचलेली असायची, वाटेत थोडी फोडणी बसून. पण या वेळी फोडणीची गरजच नव्हती. त्यानं पाहिलं होतं ते पाहिलंच होतं.

टोपण हे दादांचं खरं नाव नव्हे. उभा जन्म झाकणं करण्यात गेला म्हणून लोकांनी ते चिकटवलं. टोपणनावच टोपण, असा योग सगळ्यांच्या नशिबी नसतो! त्यांच्याकडे यायचे ते ट्रेलर, जीपच्या मागे जोडून जंगलात, डोंगरात, नदीच्या पात्रात न्यायचे. आत तंबू, स्टोव्ह, पाण्याचे कॅन, गाद्या. पूर्वी त्यावर जाड कापड ताणायचे. कापड फाटायचं, धूळ आत जायची, आणि चोराला एक ब्लेड पुरायचं. मग लोकांना पत्र्याचं पक्कं झाकण हवंसं वाटू लागलं. मागे बिजागऱ्या, पुढे दोन कुलपं, कडेनं रबरी पट्टी. असं झाकण दादांइतकं नेटकं कोणी बसवत नसे, हे त्यांच्याशी उभा दावा मांडलेली माणसंही कबूल करायची.

त्यांची एक पद्धत होती आणि तिच्यावरून त्यांची भरपूर थट्टा व्हायची. दुसरे लोक ट्रेलर सपाट फरशीवर उभा करायचे, झाकण ठेवायचे, खुणा करायचे, भोकं पाडायचे आणि मोकळे व्हायचे. दादा तसं करत नसत. ते ट्रेलरचं एक चाक जॅकनं उचलून त्याखाली लाकडाचा जाड ठोकळा सरकवायचे. ट्रेलर कंबरेत वाकल्यासारखा तिरका झाला, पेटी पिळवटली, की मग खाली वाकून बघायचे, कुलपाची जीभ खाचेपासून किती सरकते. मग दुसऱ्या चाकाखाली ठोकळा. पुन्हा बघणं. आणि तेवढी खाच ते लांब कापायचे. त्याला त्यांच्याकडे शब्द होता, मोकळीक. खड्ड्यात चाक गेलं, पेटी पिळली, तरी जिभेला हलायला जागा राहायची आणि झाकण एका बोटानं उघडायचं.

"ट्रेलर काय दिवाणखान्यात ठेवणार आहात का?" घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते विचारायचे. "मग दिवाणखान्यातलं माप कशाला घेऊ?"

सपाटीवर भोकं पाडणं ही त्यांच्या लेखी शिवी होती. कुणाचं काम आवडलं नाही तर ते एवढंच म्हणायचे, "सपाटीवरचा दिसतोय." मग तो माणूस ट्रेलर करणारा असो, शिंपी असो नाहीतर पुढारी.

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, या बाबतीत नवऱ्याला सोडत नसत. "मला बघायला आले तेव्हासुद्धा एक डोळा मिटून, मान तिरकी करून बघत होते. मला वाटलं लाजतायत. हे आपले बघत होते मी कुठं पिळवटलेय का!"

"होतीसच," दादा म्हणायचे. "म्हणून तर मोकळीक ठेवली."

त्यांना एकच मुलगी. तिचं लग्न झालं चष्म्याच्या दुकानवाल्या बाईंच्या थोरल्या मुलाशी. विहीणबाई एकट्यानं दुकान चालवायच्या. खाली दुकान, वर घर. गळ्यात दोरीला लावलेलं छोटं भिंग असायचं, आणि एकदा का त्यांनी ते डोळ्याला लावलं की समोरच्याला आपल्या सदऱ्याचं तुटलेलं बटण आठवायचं. जावई त्यांच्या उलटा. हसरा, विसरभोळा, सुट्टी मिळाली की जंगलाकडे पळणारा. गांधीलमाशीचं त्याला भयंकर वावडं होतं. लहानपणी एक चावली तर गळा सुजून श्वास कोंडला होता, थोडक्यात वाचला. तेव्हापासून डॉक्टरांनी एक इंजेक्शन कायम जवळ ठेवायला सांगितलेलं. लाल रंगाची, चेन असलेली छोटी पिशवी. चावली की लगेच मांडीत टोचायचं, मग दवाखाना गाठायचा. एवढं सगळं असून तो जंगलातच जायचा. दादांना सुरुवातीला हा जावई सपाटीवरचाच वाटला होता.

मत बदललं ते झाकण बसवताना. त्यानं एक जुना ट्रेलर घेतला आणि तो घेऊन सासऱ्याच्या दारात उभा राहिला.

"बाबा, कापडाचं नको. पक्कं पाहिजे. कुलूपवालं."

"जावईबापू, कुलूप लावून ठेवण्यासारखं काय आहे तुमच्याकडे?"

"तुमची मुलगी."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्यांना ठसकाच लागला. दादा हसले नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांनी त्याला कामाला लावलं. पत्रा धरायला, रबरी पट्टीला चिकटवण लावायला, ठोकळा सरकवायला. जावयाच्या हाताला कामाची सवय नव्हती. पत्रा दोनदा निसटला, एकदा दादांच्याच पायावर.

"अजून किती वेळ, बाबा?"

"तुमचं लग्न याहून लवकर जुळवलं आम्ही. घाई केली की असं होतं."

तरीही तो टिकला. रोज कामावरून सुटला की यायचा. तोवर गल्लीतली शटरं ओढलेली असायची आणि वहिनी घरी स्वयंपाकाला लागलेल्या असायच्या. ठोकळ्यावर चाक चढलं की स्वतः खाली झोपून बॅटरी दाखवायचा आणि ओरडायचा, "सरकली, बाबा! जीभ सरकली! आणखी थोडं कापा!" शेवटी दोन्ही चाकं आळीपाळीनं ठोकळ्यावर चढवून त्यानंच झाकण एका बोटानं उघडून दाखवलं. गॅसच्या दांड्यांवर ते सावकाश वर गेलं, आवाजही नाही. दादांनी ओल्या फडक्यानं हात पुसले आणि म्हणाले, "हे चांगलं झालंय." आपल्या कामाला चांगलं म्हणताना त्यांना आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

पावसाळा संपून रस्ते सुकले तसे जावई, लेक आणि त्यांची छोटी पहिल्यांदा तो ट्रेलर घेऊन निघाले. दोन दिवस डोंगराच्या पायथ्याशी राहायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूची दोरी बांधायला जावई एका झुडपात शिरला आणि तिथं पोळं होतं.

दवाखाना फार लांब होता. तिथं पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यातूनच लेकीनं सासूला फोन केला. विहीणबाईंनी विचारलं, "आणि इंजेक्शन? इंजेक्शन दिलं नाहीस?" लेक म्हणाली, "ट्रेलरमध्ये होतं. झाकण उघडलंच नाही. चाक खड्ड्यात होतं. किती ओढलं, उघडलंच नाही."

हे सगळीकडे पसरलं. दादांच्या कानावरही आलं. जेवायला बसले की त्यांचा हात ताटावर थांबायचा. चाक खड्ड्यात होतं म्हणजे किती खड्ड्यात? उजवं की डावं? ते झाकण त्यांनी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा बसवलं, दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून. दर वेळी ते उघडलं. तरी लेक खोटं बोलेल हे त्यांच्या मनात आलं नाही. आपलाच हात चुकला असणार, असं ते धरून चालले होते.

काही आठवड्यांनी लेक एकटीच माहेरी आली. आई बाजारात गेली होती. ती सरळ दुकानात गेली आणि कोणाच्या तरी ट्रेलरच्या दांड्यावर बसली, लहानपणी बसायची तशी.

"बाबा, झाकण उघडलं होतं."

दादांनी हातातली कानस बाजूला ठेवली.

"एका बोटानं उघडलं. तुम्ही म्हणाला होतात तसंच. आत पिशवी नव्हती." ती खाली बघत होती. "निघताना माझ्याच हातात होती. हे म्हणाले, आधी स्टोव्ह आत जाऊ दे, तोवर ठेव कुठंतरी. मी जिन्यातल्या चपलांच्या कपाटावर ठेवली. परत आले तेव्हा तिथंच होती. मी ती खिशात घातली, कोणी बघायच्या आत. आईंनी फोनवर विचारलं आणि... माझ्या तोंडून ते निघून गेलं, बाबा. मी ठरवून नाही बोलले. तुमचं नाव येईल हे मला तेव्हा सुचलंच नाही."

दादांनी तिच्या साडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "ऊठ. त्या दांड्याला ग्रीस आहे, साडीला लागेल."

"बाबा, तुम्ही काहीतरी बोला ना. रागवा तरी."

"काय बोलू? छोटी कुठंय?"

"आजीजवळ. आजीशिवाय झोपत नाही ती हल्ली." आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. धाकट्या दिरानं ट्रेलर घरी आणून रिकामा केला होता. झाकण लोण्यासारखं उघडलं. सासूबाईंनी ते पाहिलं. तेव्हापासून त्या सुनेशी मोजकंच बोलत होत्या. काल म्हणाल्या, झाकण उघडलं नाही की तू उघडलं नाहीस, हे मला एकदा बघायचंय. ट्रेलर शनिवारी तुझ्या बाबांच्या दुकानात पाठवते. सोमवारी मी येते. त्यांनी माझ्यासमोर दाखवायचं.

"खोटं कळलं तर त्या मला ठेवायच्या नाहीत," लेक म्हणाली. "त्यांचं चुकतंय असंही नाही. पण छोटी माझ्याबरोबर येईल का, आणि त्या तिला येऊ देतील का? तिचे बाबा गेले आणि आता आजीपण..."

"सोमवारी ना?" दादांनी विचारलं. "जा तू घरी. आई यायच्या आत जा. तिच्यासमोर तू रडशील आणि ती सगळ्या गल्लीसमोर रडेल."

शनिवारी दीर ट्रेलर सोडून गेला. दादांनी त्याला दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून पाहिलं. झाकण एका बोटानं उघडलं. इतक्या खडकाळ वाटेवर जाऊनही रबरी पट्टी कुठं उचकटली नव्हती. ते झाकणाची कड धरून जरा वेळ नुसते उभे राहिले.

झाकण मोडणं सोपं होतं, बिजागरीवर एक घाव घातला की झालं. पण विहीणबाईंनी ते घरी उघडलेलं पाहिलं होतं. म्हणजे सपाटीवर ते उघडायलाच हवं होतं आणि चाक चढलं की अडकायला हवं होतं. नेमकं तेवढंच आणि तिथंच. एखाद्या शिकाऊ माणसानं, किंवा घाईत असलेल्या माणसानं, ठोकळा न लावता भोकं पाडावीत तसं. आयुष्यभर ज्याला शिवी म्हणून वापरलं ते काम आता स्वतःच्या हातानं, आणि बेमालूम करायचं होतं.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर वहिनी पडल्या. दादा चप्पल घालून दुकानात आले आणि शटर अर्धं ओढून घेतलं. लांब कापलेल्या खाचा वेल्डिंगनं भरल्या. घासून पत्र्याबरोबर केल्या. सपाट फरशीवर, एकही ठोकळा न लावता, खुणा केल्या आणि जिभेच्या मापाच्या नेमक्या खाचा पाडल्या. वरून रंगाचा हात दिला, काजळी चोळली. मग जॅक लावून चाक चढवलं आणि झाकणाला हात घातला. ते हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. हललं नाही. वेल्डिंगची ठिणगी आणि हातोड्याचा आवाज यांनी समोरच्या रेडिएटरवाल्याची वामकुक्षी मोडली होती. तो खिडकीशी येऊन, अर्ध्या शटरखालून दिसेल तेवढं सगळं बघून गेला होता.

सोमवारी विहीणबाई आल्या. लेक त्यांच्या मागे, भिंतीला टेकून. वहिनींनी स्टूल पुढे केलं, बाई बसल्या नाहीत.

"उघडा," त्या म्हणाल्या.

दादांनी उघडलं. झाकण अलगद वर गेलं.

"हे मी पाहिलंय. आता खड्डा."

दादांनी जॅक फिरवला, ठोकळा सरकवला. "तुम्हीच ओढा," ते म्हणाले.

बाईंनी पदर खोचला आणि ओढलं. झाकण जागचं हललं नाही. त्यांनी पुन्हा ओढलं, मग दोन्ही हातांनी, मग पाय टेकवून. त्यांचा श्वास वाढला. अचानक त्या थांबल्या आणि झाकणावर कपाळ टेकून उभ्या राहिल्या. लेकीनं डोळे मिटून घेतले होते.

"असंच झालं असणार," बाई स्वतःशी म्हणाल्या. मग त्या सावरल्या, वळल्या आणि सुनेला म्हणाल्या, "मी तुझ्यावर संशय घेतला." एवढंच. पण त्यांनी तिचा हात धरला होता.

वहिनींच्या डोक्यात तोवर दुसराच प्रकाश पडला होता. एवढी वर्षं या कामाच्या शेजारी चहा देणारी बाई, तिला काय शिकवायचं होतं? "अहो," त्या म्हणाल्या, "अहो, ठोकळा लावला नव्हतात? जावयाच्या झाकणाला? सपाटीवर पाडलीत भोकं?"

दादांनी मान हलवली. हो.

"जगाला अक्कल शिकवत होतात! आणि पोटच्या पोरीच्या वेळी तुम्हाला घाई झाली?"

"झाली," दादा म्हणाले.

विहीणबाई खाली वाकल्या होत्या. भिंग डोळ्याला लावून त्या खाचेकडे बघत होत्या. बोटानं त्यांनी रंग दाबला. बोटाला तो किंचित लागला.

"व्याही, हा रंग ओला आहे."

लेक भिंतीपासून सुटली. दादांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"म्हणजे काल तुम्ही इथं हात मारलात. मी येणार म्हणून." बाईंचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच तो ऐकवत नव्हता. "चूक लपवायला निघालात. आणि तीही धड लपवता आली नाही."

"नाही आली," दादा म्हणाले.

"आई," लेक सासूला म्हणाली, "आई, मला काहीतरी..."

"तू गप," दादा म्हणाले. इतक्या कडक आवाजात ते तिच्याशी कधी बोलले नव्हते. "छोटी शाळेतून येईल. जा. विहीणबाई, हिला घेऊन जा."

बाईंनी सुनेला नेलं. जाताना त्यांनी व्याह्यांकडे वळूनही पाहिलं नाही. पुढेही कधी पाहिलं नाही. रस्त्यात समोरासमोर आले तर त्या पलीकडच्या बाजूला जायच्या. सून मात्र त्यांच्या घरात राहिली, पुढे दुकानातही बसू लागली. छोटी आजीच्या कुशीत झोपत राहिली.

गल्लीत दादांकडे येणारे ट्रेलर कमी झाले. ज्याच्या झाकणानं घरचं माणूस गेलं त्याच्याकडे कोण जाणार? लोकांचंही बरोबरच होतं. दादा पाण्याच्या टाक्यांची आणि धान्याच्या कोठ्यांची झाकणं करू लागले. त्यांना कुलूप लागत नाही आणि त्या जागच्या हलतही नाहीत. दुसऱ्याच्या कामाला सपाटीवरचं म्हणणं त्यांनी बंद केलं. वहिनींनी त्यांना वर्षभर टोमणे मारले आणि मग तेही थांबवलं. ते जास्त जड गेलं.

लेक अधूनमधून यायची. एकदा ती म्हणाली, "बाबा, मी आईंना सांगणार आहे. मला झोप लागत नाही."

"आता सांगितलंस तर त्यांचा मुलगा त्यांना पुन्हा एकदा जाईल," दादा कोठीच्या झाकणावर कानस मारत म्हणाले. "आता त्यांना राग धरायला मी आहे. तेवढा आधार राहू दे."

"आणि तुम्ही?"

"मला काय झालंय? झाकणंच तर करतोय."

तिनं सांगितलं नाही. दादा असेपर्यंत नाही, आणि विहीणबाई असेपर्यंतही नाही. त्या दोघांनंतर आईला सांगितलं. वहिनी त्या दिवशी जेवल्या नाहीत आणि नंतर कित्येक दिवस गल्लीत कुणाशी बोलल्या नाहीत, रेडिएटरवाल्याशी तर मुळीच नाही.

जंगलात झाकण उघडलं होतं. आत इंजेक्शन नव्हतं. झाकणात काही चूक नव्हती. रविवारी दुपारी दादांनी ती घातली.